इंग्रजी वाक्यरचनेतल्या या चुका टाळा, आणि चूक झालीच तर ती शोधायची कशी

मी इंग्रजी शिकवते आणि रोज कितीतरी लोकांची वाक्यं तपासते, त्यावरून एक गोष्ट खात्रीने सांगते, की मराठी बोलणाऱ्यांना इंग्रजी शब्द कमी पडत नाहीत. शब्द येत असतात, स्पेलिंग पण बऱ्यापैकी असतं, टेन्सचे तक्ते तर तोंडपाठ असतात. अडतं कुठे, तर कुठला शब्द कुठे ठेवायचा तिथे. आणि या चुका कशाही होत नाहीत, जवळजवळ प्रत्येक चुकीच्या मागे एक अगदी शुद्ध मराठी वाक्य असतं. ते वाक्य ओळखता आलं की चूक लगेच दिसते, म्हणून खाली प्रत्येक ठिकाणी मी मूळ मराठी वाक्य पण देतेय.

आधी हे एकच वाक्य नीट बघू, कारण यात बरंच काही भरलंय.

"यस्टरडे मीटिंग वॉज देअर सो कुड नॉट कम."

असं वाक्य मला आठवड्यातून एकदा तरी भेटतं. मागचं मराठी उघड आहे, काल मीटिंग होती म्हणून येता आलं नाही. मराठीत यात काहीही खटकत नाही. पण इंग्रजी वाचणाऱ्याला दोन ठिकाणी अडखळायला होतं. पहिलं म्हणजे "मीटिंग वॉज देअर" याचा अर्थ त्याला मीटिंग तिकडे होती असा लागतो, आपल्याला तर फक्त मीटिंग होती एवढंच सांगायचंय. एखादी गोष्ट आहे किंवा होती असं सांगताना इंग्रजीत "देअर" पुढे येतो, "देअर वॉज अ मीटिंग", आणि तिथे त्याचा अर्थ तिकडे असा नसतोच, तो फक्त कर्त्याची खुर्ची भरून ठेवतो. दुसरं म्हणजे "कुड नॉट कम", पण कोण? मराठीत "येता आलं नाही" म्हटलं की मी हे आपोआप कळतं. इंग्रजीत ते लिहावं लागतं. मग वाक्य होतं, "देअर वॉज अ मीटिंग यस्टरडे, सो आय कुड नॉट कम."

आता हे असं का, ते एकदा समजून घ्या म्हणजे पुढचं सगळं सोपं जातं. मराठीत "मांजराने उंदराला पकडलं" म्हणा नाहीतर "उंदराला मांजराने पकडलं" म्हणा, पकडणारं मांजरच राहतं, कारण कोणी पकडलं ते "ने" सांगतो आणि कोणाला ते "ला" सांगतो. शब्द हलवले तरी प्रत्यय त्यांच्यासोबत जातो. इंग्रजीत नामाला असे प्रत्यय उरलेले नाहीत, त्यामुळे "द कॅट कॉट द माउस" मधली दोन नामं अदलाबदल केलीत तर उंदीरच मांजराला पकडतो. गंमत म्हणजे हजारेक वर्षांपूर्वीच्या जुन्या इंग्रजीत विभक्तीचे प्रत्यय होते आणि शब्दांचा क्रम पण आजच्यापेक्षा सैल होता. पुढच्या काही शतकांत प्रत्यय झिजत गेले आणि त्यांचं काम जागेवर आलं, क्रियापदाच्या आधीची जागा कर्त्याची आणि नंतरची कर्माची. "ही" आणि "हिम", "दे" आणि "देम" ही त्या जुन्या व्यवस्थेची उरलेली खूण. आणि मराठीसारखा कर्ता-कर्म-क्रियापद हा क्रम जगातल्या सगळ्यात जास्त भाषांमध्ये सापडतो, तेव्हा आपलंच काहीतरी उलटं आहे असं वाटून घेऊ नका.

कर्त्याची जागा रिकामी ठेवू नका

"इज रेनिंग", "इज व्हेरी लेट नाऊ", "इज इम्पॉर्टंट टू स्लीप". मराठीत उशीर झाला म्हटलं की झालं, कोणाला कर्ता शोधायची गरज पडत नाही. इंग्रजीत हुकूम सोडायचा नसेल तर पूर्ण वाक्याला कर्ता लागतोच, खरा नसेल तर "इट" बसवतात. "इट इज रेनिंग" मधला "इट" म्हणजे कोण असं विचारू नका, तो कोणीच नाही.

याचीच दुसरी बाजू म्हणजे मराठीतला "मला". मला आवडतं, मला ताप आहे, मला दोन भाऊ आहेत, मला वाटतं. या सगळ्यांत अनुभव घेणारा माणूस "ला" लावून येतो. इंग्रजीत तोच माणूस सरळ कर्ता होतो, "आय लाइक इट", "आय हॅव अ फीवर", "आय हॅव टू ब्रदर्स", "आय थिंक". म्हणजे मनात "मला" आलं की बहुतेक वेळा हात "आय" वर गेला पाहिजे. आणि "आय लाइक" वर वाक्य तोडू नका, आपण नुसतं "आवडलं" म्हणून थांबू शकतो पण "लाइक" आणि "एन्जॉय" यांना पुढे कर्म लागतं, काहीच सुचत नसेल तर "इट" तरी.

प्रश्न विचारताना होणारी गडबड

मराठीत प्रश्न करणं फार सोपं, "तू गेलास" च्या शेवटी "का" लावा, झाला प्रश्न. शब्द कुठेही हलत नाहीत. म्हणून लोक "व्हेअर यू आर गोइंग" असं लिहितात. इंग्रजीत हेल्पिंग व्हर्ब कर्त्याच्या पुढे उडी मारतं, "व्हेअर आर यू गोइंग". हेल्पिंग व्हर्ब नसेल तर "डू", "डज" किंवा "डिड" आणावं लागतं. आणि इथेच ती सगळ्यात जुनी चूक होते, "डिड यू वेन्ट", "डज शी नोज", "आय डिड नॉट सॉ". मराठीत गेलास का, गेलो नाही, दोन्हीकडे भूतकाळ मुख्य क्रियापदावरच राहतो म्हणून हात आपोआप "वेन्ट" लिहितो. इंग्रजीत काळ एकदाच दाखवायचा असतो आणि तो "डिड" ने उचलला, मग मागे राहतो साधा "गो". "डज" मध्ये तो एस पण निघून गेलेला असतो, म्हणून "डज शी नो".

आता ज्यांना हे पक्कं येतं त्यांची पुढची चूक. "आय डोन्ट नो व्हेअर इज ही." "कॅन यू टेल मी व्हॉट टाइम इज इट?" इतक्या मेहनतीने उलटा क्रम शिकलेला असतो की तो सगळीकडे लावला जातो. पण दुसऱ्या वाक्याच्या पोटात गेलेला प्रश्न हा प्रश्न राहत नाही, तिथे क्रम परत सरळ होतो, "आय डोन्ट नो व्हेअर ही इज", "कॅन यू टेल मी व्हॉट टाइम इट इज". ही चूक चांगलं इंग्रजी बोलणारे पण करतात, आणि माझ्या मते सगळ्यात आधी सुधारावी अशी हीच, कारण विनंतीच्या प्रत्येक ईमेलमध्ये हे वाक्य येतं.

क्रियापदं मोजा

मला विचाराल तर एवढी एकच युक्ती घेऊन गेलात तरी चालेल. वाक्य लिहून झालं की त्यातली काळ दाखवणारी क्रियापदं मोजायची. "टू गो" किंवा नुसतं "गोइंग" मोजायचं नाही, आणि "हॅज बीन वेटिंग" सारखी आख्खी साखळी एकच धरायची. मग वाक्यं जोडणारे शब्द मोजायचे (नुसती नामं जोडणारा "अँड" नाही), "अँड", "बट", "सो", "बिकॉज", "व्हेन", "इफ", "हू", "विच" वगैरे. जोडणारे शब्द क्रियापदांपेक्षा बरोबर एकाने कमी पाहिजेत.

"आय वेन्ट टू द डॉक्टर, ही गेव्ह मी सम मेडिसिन." क्रियापदं दोन, जोडशब्द शून्य. एक कमी पडला. मराठीत आपण डॉक्टरकडे गेलो, त्यांनी गोळ्या दिल्या असं नुसता स्वल्पविराम देऊन जोडत जातो आणि मी आत्ता इथे तेच करतेय, पण इंग्रजीत नुसत्या कॉमावर दोन पूर्ण वाक्यं टिकत नाहीत. एकतर "अँड" घाला नाहीतर फुलस्टॉप द्या.

"दो इट वॉज रेनिंग, बट वी वेन्ट आउट." क्रियापदं दोन, जोडशब्द पण दोन. एक जास्त झाला. हे आलं कुठून? जरी पाऊस पडत होता तरी आम्ही बाहेर गेलो. मराठीत हे शब्द जोडीने येतात, जरी-तरी, जर-तर, जेव्हा-तेव्हा, आणि जोडीतला दुसरा गाळला तर अर्धवट वाटतं, म्हणून लोक "दो" च्या जोडीला "बट" आणि "बिकॉज" च्या जोडीला "सो" देतात. इंग्रजीत एकच ठेवा, कुठलाही. "इफ" सोबत "देन" मात्र चालतो, पण गरज नसते.

"बिकॉज आय वॉज सिक." क्रियापद एक, जोडशब्द एक. म्हणजे हे अर्धंच वाक्य आहे, जे कशाला तरी जोडायचं होतं ते राहिलंच.

एकाच मोजणीत तिन्ही चुका पकडल्या गेल्या. फक्त दोन गोष्टी लक्षात ठेवा. "आय थिंक ही इज राइट" मध्ये "दॅट" लपलेला असतो, तो मोजायचा. आणि "द बॉय हू केम यस्टरडे, ही इज माय कझिन" ही चूक या मोजणीत सापडत नाही, आकडे बरोबर येतात तरी वाक्य चूक आहे. जो मुलगा काल आला तो माझा भाऊ आहे, या "तो" मुळे ज्यादाचा "ही" आलाय. "इज" चा कर्ता "द बॉय" आधीच बसलाय, त्यामुळे "ही" काढा आणि सोबत कॉमा पण.

क्रियापद कोणाचं ऐकतं

मी पत्र लिहिलं, मी चिठ्ठी लिहिली, मी निबंध लिहिले. शाळेत शिकलेला कर्मणी प्रयोग आठवत असेल, यात क्रियापद कर्माप्रमाणे बदलतं. इंग्रजीत क्रियापद कायम कर्त्याचंच ऐकतं, आणि तो कर्ता थोडा लांब असला की घोटाळा होतो. "द बॉक्स ऑफ बुक्स आर ऑन द टेबल" लिहिणाऱ्याने जवळचं "बुक्स" बघितलं, पण टेबलावर आहे तो बॉक्स, म्हणून "इज". "ऑफ" पासून पुढचा तुकडा बोटाने झाका आणि मग वाचा. "वन ऑफ माय फ्रेंड्स" ला पण तेच, कर्ता "वन", म्हणून "इज", पण "फ्रेंड्स" मधला एस तसाच ठेवायचा, कारण अनेकांमधला एक असं म्हणतोय.

क्रियापद आणि कर्म यांच्या मध्ये कोणाला बसू देऊ नका. "शी स्पीक्स व्हेरी वेल इंग्लिश" नाही, "शी स्पीक्स इंग्लिश व्हेरी वेल". "आय यस्टरडे मेट हिम" पण नाही, काल, उद्या, मागच्या आठवड्यात असले शब्द वाक्याच्या एका टोकाला न्या, बहुतेक शेवटी.

"प्लीज एक्सप्लेन मी" हे तर मी स्वतः कितीतरी वर्षं लिहिलंय, आणि एका वरिष्ठांनी माझ्या पत्रावर लाल खूण केली तेव्हा कुठे कळलं. "टेल मी", "गिव्ह मी", "शो मी" चालतं, मग "एक्सप्लेन मी" का नाही असं वाटणं साहजिक आहे, मला समजावून सांग हेच तर म्हणायचंय. पण "एक्सप्लेन", "सजेस्ट" आणि "से" या क्रियापदांना लागूनच माणूस येत नाही, "एक्सप्लेन इट टू मी" असंच म्हणावं लागतं. "ही सेड मी" च्या जागी "ही टोल्ड मी". याला सरसकट नियम नाही, त्या त्या क्रियापदाची सवय पाठच करावी लागते.

शेवटची चूक जरा बारीक आहे पण चांगल्या लिहिणाऱ्यांकडून होते. घरी येताना पाऊस सुरू झाला. मराठीत येणारा मी आणि सुरू होणारा पाऊस, दोघं वेगळे असले तरी कोणाला काही वाटत नाही. पण "वॉकिंग होम, द रेन स्टार्टेड" मध्ये चालत घरी निघालाय तो पाऊस, कारण सुरुवातीच्या "वॉकिंग" चा कर्ता कॉमाच्या पुढे जो येईल तोच धरला जातो. "वॉकिंग होम, आय गॉट वेट" ठीक आहे, किंवा "ॲज आय वॉज वॉकिंग होम, इट स्टार्टेड टू रेन". शब्द सगळे आपापल्या जागी असल्यामुळे ही चूक ग्रामर चेकरच्या नजरेतून पण बऱ्याचदा सुटते, तेव्हा असं वाक्य लिहिलं की ते काम कोण करतंय हे विचारा आणि कॉमाच्या पुढे तोच आहे का ते बघा.