पाहुण्यांसाठी खिमा कोफ्त्यांचा रस्सा, कोफ्ते न फुटता

जेवायला पाहुणे येणार, नेहमीच्या मटणाऐवजी काहीतरी वेगळं करावं, म्हणून कोफ्ते सुचतात आणि लगेच धास्तीही वाटते: ऐन वेळी रश्श्यात फुटले तर? फुटलेला कोफ्ता म्हणजे पातळ खिमा. चवीला तो वाईट लागत नाही, पण मग पाहुण्यांना पदार्थाचं नाव बदलून सांगावं लागतं. कोफ्ता फुटतो तो बहुतेक वेळा दोनच कारणांनी, खिम्यात राहिलेलं पाणी आणि कमी पडलेलं मळणं. बाकी सगळा रोजचा रस्साच आहे.

आमंत्रण देतानाच वार विचारून घ्या. कुणाचा सोमवार असतो, कुणाचा गुरुवार, कुणाची चतुर्थी. पातेलं उतरवल्यावर हे कळून उपयोग नाही. खालचं प्रमाण आठ जणांचं आहे.

खिमा आणताना

बोकडाचं मटण एक किलो, मांडी आणि खांदा मिळून. सगळी चरबी काढू देऊ नका. किलोमागे शंभरेक ग्रॅम तरी राहू द्या, नाहीतर कोफ्ते कोरडे आणि चिवट होतात. मशीनमधून दोनदा काढायला सांगा. सुरीने कापलेला जाडसर खिमा पावाबरोबर खायला छान, कोफ्त्यांना नाही.

मटण धुवायचं ते तुकडे असतानाच. धुऊन, नीट निथळून मग मशीनमध्ये घालायला सांगा, दुकानदार कुरकुरला तरी. एकदा खिमा झाला की तो पाणी धरून बसतो आणि ते पाणी नेमकं रश्श्यात सुटतं. ओला खिमा हातात आलाच, तर पातळ फडक्यात बांधून घट्ट पिळा. खिमा त्याच दिवशी वापरा. मटणाच्या तुकड्यावर जंतू असतात ते बाहेरच्या बाजूला, खिम्यात ते आतपर्यंत मिसळलेले असतात, म्हणून तो लवकर खराब होतो.

मिश्रण

दोन मध्यम कांदे अगदी बारीक चिरा, चिमूटभर मीठ लावून दहा मिनिटं ठेवा आणि मुठीत पिळून घ्या. निघालेलं पाणी टाकू नका, रश्श्याला चालतं. दोन इंच आलं, पंधरा लसूण पाकळ्या, पाच-सहा हिरव्या मिरच्या, मूठभर कोथिंबीर आणि थोडा पुदिना पाणी न घालता वाटा. मग परातीत खिमा, पिळलेला कांदा, हे वाटण, दोन सपाट छोटे चमचे मीठ, अर्धा चमचा हळद, दोन चमचे गरम मसाला आणि अर्धी वाटी डाळ्याचं पीठ घ्या. डाळं म्हणजे चिवड्यात घालतो ते. मिक्सरमध्ये फिरवलं की झालं. पावाचा चुराही चालतो, पण डाळ्याला खमंगपणा आहे. अंडं घालायची गरज नाही. कच्ची पपई तर अजिबात नको, तिने मटण इतकं मऊ पडतं की गोळा धरत नाही.

आता मळा. वरवर कालवणं नव्हे, तळहाताच्या टाचेने रगडत सात-आठ मिनिटं. मिठामुळे मटणातली प्रथिनं सुटतात, चिकट होतात आणि तीच कोफ्ता बांधून ठेवतात. वाझवान या काश्मिरी मेजवानीतल्या गुश्ताब्यासाठी, म्हणजे दह्याच्या रश्श्यातल्या मटणाच्या गोळ्यांसाठी, मटण आणि चरबी दगडावर लाकडी मोगरीने कुटतात, तेही यासाठीच. आपल्याला तेवढं करायला नको. सुरुवातीला खिमा सुटा, दाणेदार लागतो. मग त्याला तार येते, रंग फिकट होतो आणि तो परातीला चिकटायला लागतो. छोटा गोळा तळहातावर दाबून हात उलटा धरा. पडला नाही तर मळणं पुरे.

चिमूटभर मिश्रण तव्यावर भाजून मीठ-तिखट बघा. नंतर दुरुस्ती करता येत नाही. मिश्रण झाकून अर्धा तास फ्रीजमध्ये ठेवा.

रस्सा

तेवढ्यात वाटण होतं. चार मोठे कांदे उभे चिरून थोड्या तेलावर चांगले तांबूस होईपर्यंत भाजा. एक वाटी सुक्या खोबऱ्याचा कीस वेगळा, मंद आचेवर बदामी करा. इथे नजर हलवू नका, जळकं खोबरं रश्श्याला कडू करतं आणि ते कशानेच झाकत नाही. दोन मोठे चमचे धणे, एक चमचा खसखस, पाच-सहा लवंगा, दहा मिरी, दालचिनीचा तुकडा, थोडं दगडफूल हेही कोरडं भाजून घ्या. सगळं दहा-बारा लसूण पाकळ्यांबरोबर गंधासारखं बारीक वाटा.

पसरट, जाड बुडाचं पातेलं घ्या. खोल पातेल्यात कोफ्ते एकमेकांवर बसतात. पाऊण वाटी तेलात दोन टोमॅटो बारीक चिरून शिजवा, त्यात वाटण आणि तीन मोठे चमचे कांदा-लसूण मसाला घाला. हा मसाला नसेल तर लाल तिखट, पण थोडं कमी. कडेने तेल सुटेपर्यंत परता. पंधरा मिनिटं तरी लागतात आणि घाई इथेच चव बिघडवते. मग दीड लिटर कढत पाणी आणि बेतानं मीठ. गार पाण्याने तर्री नीट येत नाही.

कोफ्ते सोडताना

रस्सा उकळत असताना गोळे वळा. हाताला तेल लावून मोठ्या लिंबाएवढा गोळा घ्या, दोन-तीनदा या हातातून त्या हातात आपटा म्हणजे आतली हवा निघते, आणि भेग राहणार नाही असा वळा. तीसेक होतात, माणशी तीन-चार.

काहीजण कोफ्ते आधी तळून घेतात. आकार पक्का राहतो, पण वर कडक साल येते आणि मटणाचा अर्क रश्श्यात उतरत नाही. मी कच्चेच सोडते. आच मध्यम करून एकेक गोळा कडेने अलगद सोडा. पहिली दहा मिनिटं पळी घालायची नाही, पातेलं दोन्ही हातांनी धरून फक्त गोल हलवायचं. गोळे आधी बुडाला बसतात, मग राखाडी होऊन घट्ट होतात. त्यानंतर अर्धवट झाकण ठेवून मंद आचेवर वीस-पंचवीस मिनिटं. एक मधोमध कापून बघा, आत गुलाबी दिसायला नको.

परदेशात मेंढीचा खिमा मिळतो. त्यात चरबी बरीच असते, म्हणून रश्श्याचं तेल निम्मं करा. चिकनच्या खिम्याला डाळ्याचं पीठ दोन चमचे जास्त, शिजायला पंधरा मिनिटं.

वाटण आदल्या दिवशी करून फ्रीजमध्ये ठेवलं तर पाहुण्यांच्या दिवशी निम्मं काम उरतं. पूर्ण पदार्थच आदल्या रात्री केलात तरी चालतं, चव मुरते. मात्र दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये जायला हवा. गरम करताना रस्सा आटलेला असेल तर कढत पाणी घाला आणि न ढवळता चांगली उकळी आणा. वाढताना आधी कोफ्ते, मग वरून रस्सा आणि तर्री. सोबत ज्वारीची भाकरी किंवा वडे, चिरलेला कांदा, लिंबू. भात मागून लावा, रश्श्यासाठी तो लागतोच.