गारपिटीनंतरचे दोन दिवस: छोट्या बागायतदारांसाठी

26 नोव्हेंबर 2023 च्या गारपिटीने नाशिक जिल्ह्यातल्या, विशेषतः निफाड तालुक्यातल्या द्राक्षबागा झोडपून काढल्या. तेव्हापासून ऐन थंडीत आभाळ भरून आलं की पोटात गोळा येतो. एक-दोन एकरवाल्याला आच्छादन परवडत नाही, त्यामुळे गारा अडवता येत नाहीत. पण गारांनंतर जो माल कुजून जातो, त्यातला बराचसा वाचवता येतो.

आधी जिवाचं बघा. पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेचं 'दामिनी' अ‍ॅप विजेचा इशारा आधी देतं, ते मोबाईलवर असू द्या. विजा कडाडत असताना मांडवाखाली थांबू नका, लोखंडी अँगल आणि तारांतून वीज लांबवर पोचते. जनावरं झाडाखाली बांधू नका.

पाऊस थांबला की पहिलं काम पाण्याचं, औषधाचं नंतर. चर मोकळे करून सरीतलं पाणी बाहेर काढा. मग बागेत शिरून तारा हलक्या हाताने हलवा किंवा ब्लोअर नुसत्या हवेवर फिरवा. वरून घड कोरडा दिसतो, पण दाट घडात बोट घातलं की मण्यांच्या मधे साचलेलं पाणी हाताला लागतं. घडकूज तिथूनच सुरू होते.

साफसफाईआधी फोटो काढून ठेवा आणि तलाठ्याकडे पंचनाम्याची मागणी करा. सरकारी मदतीसाठी नुकसान 33 टक्के किंवा जास्त असावं लागतं. फळपीक विम्यात गारपिटीचं जादा संरक्षण घेतलं असेल तर 72 तासांच्या आत विमा कंपनीला कळवा.

त्यानंतर फुटलेले मणी, मोडलेल्या काड्या काढून बागेबाहेर न्या. जीव तुटतो, पण फुटका मणी शेजारच्या चांगल्या मण्यांनाही नासवतो. हा पाला जनावरांना मुळीच घालू नका, त्यावर फवारण्यांचे अंश असतात. बुरशीनाशक निवडताना काढणीला किती दिवस राहिलेत ते आधी मोजा. निर्यातीचा माल असेल तर पुण्याजवळच्या मांजरीच्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राच्या औषधांच्या यादीबाहेर जाऊ नका. जखमी वेलीला लगेच युरिया देऊ नका, कोवळी फूट निघते आणि डाऊनी हा बुरशीचा रोग तिच्यावरच बसतो.

कांद्यावर जांभळा करपा हा बुरशीचा रोग येतो. वाफसा आल्यावर, म्हणजे जमीन पुरेशी सुकल्यावर, 10 लिटर पाण्यात 25 ग्रॅम मॅन्कोझेब हे बुरशीनाशक आणि औषध पानाला चिकटवणारं 10 मिली स्टिकर घालून फवारा. काढून पडलेला कांदा भिजला असेल तर लगेच ढीग घालू नका, सावलीत पातळ पसरा.

गोठ्यातलं ओलं गवत बदला, वासरं-करडांना कोरड्या पोत्यावर ठेवा. भिजलेला हिरवा चारा उपाशी पोटी दिला तर पोटफुगी होते, म्हणून आधी कडबा घाला.

आभाळ निवळलं की उत्तरेचा वारा सुटतो आणि पारा झपाट्याने उतरतो. एरवी अशा पहाटे आपण विहिरीचं पाणी सोडतो. पण जमीन आधीच ओली असेल तर मुळांना आणखी पाणी नको, बांधावर शेकोट्या पेटवून धूर धरा.