सीबीसीचा रिपोर्ट वाचताना या चुका टाळा

लातूर असो की परभणी, ‘रक्त कमी आहे’ म्हटलं की पुढचं ठरलेलंच: लाल गोळ्या, गूळ-शेंगदाणे, बीट. सीबीसी म्हणजे रक्तपेशींची मोजणी; तिच्या रिपोर्टमध्ये बघितलं जातं ते एकटं हिमोग्लोबिन. खरी गोम खालच्या ओळींत असते.

समजा, एखाद्या बाईचं हिमोग्लोबिन १०.८, एमसीव्ही (तांबड्या पेशींचा सरासरी आकार) ६२ आणि तांबड्या पेशी ५.६ दशलक्ष आल्या. पेशी लहान, म्हणजे लोह कमी, असं ठरवून मोकळं होणं ही सगळ्यात मोठी चूक. लोहच नसेल तर पेशीही सहसा कमीच तयार होतात. इथे तर त्या भरपूर आहेत. अशा वेळी थॅलेसेमिया मायनरची, म्हणजे हिमोग्लोबिन नीट न बनण्याच्या आनुवंशिक दोषाचा वाहक असण्याची, शंका घ्यायची. एमसीव्हीला पेशींच्या दशलक्षातल्या आकड्याने भागा. उत्तर १३ पेक्षा कमी आलं (इथे ११ येतं) तर शंका बळावते, जास्त आलं तर लोहाकडे बघा. हा नुसता ठोकताळा. दोन्ही त्रास एकत्र असले की तो फसतो. खात्री होते ती एचपीएलसी तपासणीत (यात हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून मोजतात) हिमोग्लोबिन ए-२ वाढलंय का ते बघून. लोह फार कमी असेल तर ए-२ सुद्धा खाली दिसू शकतं, म्हणून सोबत फेरिटिन (लोहाच्या साठ्याची तपासणी) करावं. मायनर असलेल्याला स्वतःला फारसा त्रास नसतो. पण नवरा-बायको दोघंही मायनर निघाले तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला थॅलेसेमिया मेजर (याच आजाराचं गंभीर रूप) होण्याची शक्यता २५ टक्के असते. आपल्याकडे पत्रिका जुळवतात, हे मात्र कोणी जुळवत नाही!

एमसीव्ही ८० ते १०० मध्ये आहे म्हणून निर्धास्त राहू नका. लोह कमी असलं की पेशी लहान होतात, बी-१२ कमी असलं की मोठ्या. माळकरी, शाकाहारी माणसात दोन्ही कमी असेल तर सरासरी ठीकच दिसते. आरडीडब्ल्यू (पेशींच्या आकारातली तफावत) वाढलेला असेल तर बी-१२ही तपासा.

किनवट-माहूरच्या आदिवासी भागात सिकलसेल (तांबड्या पेशी विळ्यासारख्या होण्याचा आनुवंशिक आजार) विसरू नका. वाहकाचा सीबीसी अगदी नॉर्मल येऊ शकतो. त्याची तपासणी वेगळी असते.

ताप असताना केलेलं फेरिटिन वाढीव येतं. जुलाब-उलट्यांनी अंगातलं पाणी गेलेलं असताना हिमोग्लोबिनही.

आकडा सुधारला की गोळ्या बंद करतात, तेही चुकीचं. लोहाचा साठा भरायला पुढे साधारण तीन महिने लागतात. गोळी चहासोबत नको. आणि पुरुषाचं किंवा पाळी गेलेल्या बाईचं लोह कमी निघालं तर पोट-आतड्यातून रक्त जातंय का, हे तपासायला डॉक्टर दुर्बीण सांगतील. ती टाळू नका.