पटाशी उचलण्याआधी: घरच्या बास गिटारचा ब्रिज आणि पिकअप

आजोबांचं माळवद उतरवलं तेव्हा एक सागवानी तुळई मी बाजूला काढून ठेवली आणि पुढे तिचीच बास गिटार केली. वाजते बरी, पण ब्रिज (तारा मागच्या टोकाला जिथे अडकतात तो धातूचा भाग) उचलून बघितला तर खाली खुंट्या ठोकून बुजवलेली पाच भोकं दिसतात. ब्रिज हातात आला तेव्हा त्याची सगळी सॅडल (प्रत्येक तारेखालची पुढेमागे सरकणारी टेकणं) मागे सरकवलेली होती. मी घाईत तशीच ठेवून नटपासून (नेकच्या, म्हणजे दांडीच्या टोकाला तारा टेकतात ती पट्टी) 34 इंच मोजले आणि स्क्रू मारले. तारा चढवल्यावर जाड तारेला अजून मागे जायचं होतं आणि मागे जागाच नव्हती. बाराव्या पडद्यावर ती तार कायम चढी लागायची. शेवटी सगळं काढून ब्रिज मागे घेतला.

म्हणून ब्रिज, पिकअप (तारांची थरथर चुंबकाने टिपून ॲम्पकडे पाठवणारा भाग) आणि नेक तिन्ही घरात आल्याशिवाय लाकडाला हात लावू नका. नेक तयार घेतली असेल तर दुकानदाराच्या सांगण्यावर जाऊ नका. नटपासून बाराव्या पडद्यापर्यंत मोजा आणि दुप्पट करा. 432 मिलिमीटर भरलं तर 34 इंची स्केल (नट ते सॅडल तारेची लांबी), 381 भरलं तर 30 इंची. मग सर्वांत बारीक तारेचं सॅडल जवळजवळ पूर्ण पुढे आणा, ते बरोबर स्केलच्या मापावर येईल असा ब्रिज ठेवा आणि बाकीच्यांना मागे सरकायला वाव राहू द्या. जाड तार सगळ्यात मागे जाते.

कोणता ब्रिज घ्यायचा यावर लोक तासन् तास वाद घालतात. तंबोऱ्याच्या घोडीवर जवारी काढणाऱ्याला विचारलं तर तारा टेकतात ती जागाच सगळं ठरवते म्हणेल, आणि तंबोऱ्यापुरतं ते खरंही आहे. इथे मात्र माझं मत साधं आहे: वाकवलेल्या पत्र्याचा, पाच स्क्रूचा जुन्या पद्धतीचा ब्रिज पुरतो. जाडजूड ओतीव ब्रिजने आवाजात पडणारा फरक मला तरी बँजो पार्टीच्या गोंगाटात कधी ऐकू आला नाही. सागवानाची बॉडी मुळात जड, त्यात आणखी वजन कशाला? अपवाद एकच. बॉडी हलक्या लाकडाची असेल आणि पट्टा गळ्यात घातल्यावर नेक खाली झुकत असेल, तर जड ब्रिज मागची बाजू धरून ठेवतो. दोन तारांमधलं अंतर मात्र व्हर्नियरने मोजाच. नेहमीच्या चार तारांच्या ब्रिजवर ते 19 मिलिमीटर असतं, म्हणजे पहिल्या तारेपासून चौथीपर्यंत 57. काही स्वस्त ब्रिज याहून अरुंद येतात.

हे माप पिकअपसाठी लागतं. जुन्या वर्तमानपत्रांची पानं चिकटवून पूर्ण मापाचं चित्र काढा. नट आणि सॅडलच्या जागी बारीक खिळे ठोका आणि तारांच्या जागी चार दोरे ताणा. तारा नटकडे जाताना जवळ येत जातात. ब्रिजपासून साडेपाच इंच पुढे 57 चे जेमतेम 53 होतात. त्या दोऱ्यांखाली पिकअप सरकवून बघा. प्रत्येक दोरा आपापल्या चुंबकांच्या जोडीवरून किंवा जोडीच्या मधून गेला पाहिजे. कडेची तार चुंबकाबाहेर गेली की तिचा आवाज दबका येतो आणि ते नंतर कोणत्याही बटणाने भरून निघत नाही. ज्या पिकअपात सुटे खांब नसून सलग पट्टी असते, त्याला ही अडचण नाही.

आता कोणता पिकअप? फेंडर या अमेरिकी गिटार कंपनीने 1957 मध्ये आपल्या प्रिसिजन बासला दोन तुकड्यांचा पिकअप दिला. एक तुकडा दोन जाड तारांखाली, दुसरा दोन बारीक तारांखाली. दोन्हींचे वेढे आणि चुंबक उलटसुलट असल्यामुळे बाहेरून येणारी घरघर एकमेकांत मरते. पहिल्या गिटारला मी डोळे झाकून हाच सांगेन. त्यांच्याच 1960 च्या जॅझ बासचे दोन एकेरी पिकअप जास्त रंग देतात, पण दोन्ही आवाजबटणं सारखी उघडी असली तरच घरघर जाते. त्यातलं एक कमी केलं की ती परत आलीच. तसे घेणार असाल तर जोडीतला एक उलट वेढ्याचा आहे का, हे आधी विचारा.

घरघरीबद्दल मी एवढा का बोलतोय? आपली वीज 50 हर्ट्झची. बासची मोकळी जाड तार 41 वर आणि तिच्या शेजारची 55 वर, म्हणजे घरघर बरोबर दोन तारांच्या मधे येऊन बसते. ती कापायला जावं तर बासच कापला जातो. वर आपल्याकडे उन्हाळ्यात काळ्या मातीला भेगा पडतात आणि अर्थिंगचा खड्डा कोरडा ठणठणीत होतो. लातूरला मे महिन्यात मी दोन दिवस पिकअपच्या वायरी उकलत बसलो होतो. शेवटी शेजारच्या वायरमननं खड्ड्यात दोन घागरी पाणी ओतलं आणि घरघर निम्मी झाली.

यात आवाजापेक्षा जिवाचा प्रश्न मोठा आहे. ब्रिजखालून एक वायर आत जाते आणि तुमचं बोट तारेला लागलं की तुम्ही ॲम्पच्या अर्थिंगला जोडले जाता. म्हणून तयारीत सॉकेट तपासून घेणं आणि बोर्डावर ईएलसीबी (वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच) असणं धरा. आकडा टाकून वीज घेतलेल्या मांडवात वाजवायची वेळ आली, तर मी गिटार पेटीतून काढत नाही. ब्रिजखालच्या वायरीचं भोक मात्र रंगकामाआधीच पाडून ठेवा. नंतर लांब ड्रिल तिरकं घालताना पॉलिशवर ओरखडा उठतोच.

बाकीचं किरकोळ सामान पटकन सांगतो. एकेरी किंवा दोन तुकड्यांच्या पिकअपला 250 के (किलोओहम) चे पॉट, म्हणजे आवाज-टोनच्या बटणांखालचे फिरते रोधक, हंबकरला (दोन वेढ्यांच्या, घरघर मारणाऱ्या पिकअपला) 500 के चे, टोनला 0.047 मायक्रोफॅरडचा कपॅसिटर. बॉडीत कोरलेल्या खड्ड्यांना आतून लावायला तांब्याची टेप, तिला डाग देता (सोल्डर करता) येतो. माळवदाचं लाकूड असेल तर त्यात तुटलेले खिळे हमखास असतात. पिकअप आलेलाच आहे, त्यात चुंबक असतंच, तोच दोऱ्याला टांगून लाकडावरून फिरवा, रंध्याचं पातं वाचेल. पिकअप स्वतः गुंडाळायची हौस मलाही होती. तालुक्याच्या मोटार रिवायंडिंगवाल्याला 42 नंबरची तार मागितली तर त्याने आधी चष्मा पुसला आणि मग म्हणाला, "डोक्याचा केस घेऊन ये, तो गुंडाळून देतो." हजारो वेढे, तेही केसाइतक्या तारेचे. पहिल्या खेपेला विकतच घ्या.

पिकअपचा खड्डा सगळ्यात शेवटी. आधी नेक आणि ब्रिज बसवा, तारा चढवा, पिकअपच्या वायरी थेट ॲम्पच्या जॅकला जोडा. मग पिकअप उलटा करून तारांच्या वर, दोन बोटं अंतरावर धरा. एकानं वाजवायचं, दुसऱ्यानं पिकअप ब्रिजकडून नेककडे हळूहळू सरकवायचा. ब्रिजजवळ आवाज टणक आणि बारीक, पुढे जावं तसा गोल आणि भरीव होत जातो. माझ्याकडे धाकटा भाऊ पिकअप धरून बसला होता. एका जागी तो स्वतःच थांबला, "इथं बरं वाटतंय ना, दादा?" तिथे पेन्सिलीने रेघ मारली आणि मग पटाशी हातात घेतली.