लहानपणीची अ‍ॅक्शन कार्टून्स आता परत बघायचीत? मग अशी बघा

सगळ्यात आधी, म्हणजे एपिसोड लावायच्या आधी, फोनमधलं नोट्स उघडा नाहीतर सरळ वही घ्या आणि त्या सिरीजमधलं तुम्हाला काय काय आठवतंय ते लिहून काढा. नंतर लिहू म्हणाल तर जमणार नाही, कारण एकदा परत बघितलं की जुनी आठवण आणि नवीन बघणं एकमेकांत मिसळतं आणि आपल्या डोक्यात वीस वर्षं नक्की काय बसलं होतं ते मग कधीच कळत नाही.

मी हे पहिल्यांदा स्वॉट कॅट्सच्या वेळी केलं, म्हणजे जेट उडवून शहर वाचवणाऱ्या दोन मांजरांचं ते कार्टून. शाळेतून आलो की दप्तर टाकून मी आणि दादा कार्टून नेटवर्क लावायचो, आई ओरडत असायची आधी हातपाय धुवा म्हणून, तर इतकं ते जवळचं. मला वाटलं पानभर लिहीन. प्रत्यक्षात लिहिलं काय, तर त्यांचं जेट टर्बोकॅट, म्युझिकमधली गिटार, भंगारचं यार्ड, व्हिलन डार्क कॅट. बस. एकाही एपिसोडची गोष्ट आठवेना. विमान जमिनीखालून सुसाट बाहेर पडतं ते आठवतंय, पण ते कशासाठी निघालंय ते नाही. हे कळणं महत्त्वाचं आहे, कारण मग परत बघताना आपण काय तपासायचंय ते ठरतं. माझ्यापुरतं ठरलं की मूड लक्षात आहे, गोष्ट चांगली होती का ते बघायचंय.

आता टीव्ही. ही पायरी लोक सोडून देतात आणि मग म्हणतात की जुनं कार्टून कसलं विचित्र दिसतंय. नव्वदच्या दशकातल्या आणि दोन हजारच्या सुरुवातीच्या बहुतेक सिरीज ४:३ मापाच्या आहेत, म्हणजे जवळपास चौकोनी, त्यामुळे आजच्या रुंद टीव्हीवर दोन्ही बाजूला काळे पट्टे येणारच आणि ते यायलाच हवेत. टीव्हीच्या सेटिंगमध्ये चित्र ताणून किंवा झूम करून ठेवलं असेल तर ते काढा. सामुराय जॅकमध्ये तर चित्राची चौकट मुद्दाम बदलते, मध्येच पडद्याचे उभे आडवे तुकडे होतात, कधी नुसती एक पट्टी राहते, झूम केलं तर त्यातलं निम्मं कापलं जातं. मी एका अ‍ॅपवर एक जुनी सिरीज वरून खालून कापून रुंद केलेली बघितली, मारामारीत पायच दिसत नव्हते, आणि दोन एपिसोड होईपर्यंत मला वाटत होतं की काढणाऱ्यांनीच वाईट काढलंय.

दुसरं म्हणजे मोशन स्मूदिंग बंद करा. टीव्हीच्या कंपनीप्रमाणे त्याचं नाव वेगळं असतं, ट्रूमोशन, मोशनफ्लो, ऑटो मोशन प्लस असं काहीतरी, पिक्चर सेटिंगमध्ये सापडेल. हाताने काढलेल्या कार्टूनमध्ये सेकंदाला २४ फ्रेम असल्या तरी बऱ्याचदा चित्रं १२ च असतात, एकेक चित्र दोन फ्रेम टिकतं, आणि ठोसा बसतो तेव्हा जो झटका जाणवतो तो त्या थांबण्यातूनच येतो. टीव्ही मध्ये स्वतःची खोटी चित्रं घुसवतो आणि सगळं तेलावरून घसरल्यासारखं होतं.

भाषेचंही आधीच ठरवा. तुम्ही हिंदीत बघितलं असेल तर पहिला एपिसोड हिंदीतच बघा, कारण तुमची आठवण त्या आवाजाची आहे. माझ्या पिढीतल्या कितीतरी जणांना मोगलीमधला शेरखान म्हटलं की नाना पाटेकरांचाच आवाज ऐकू येतो, मूळ सिरीज १९८९ ची जपानी, निप्पॉन अ‍ॅनिमेशनची, ५२ एपिसोडची, हे मोठेपणी कळलं तरी तो आवाज काही जात नाही. पण दुसरा एपिसोड मूळ आवाजात बघा, तो जमला तर पुढेही तसंच. १९९२ च्या बॅटमॅनमध्ये केव्हिन कॉनरॉय ब्रूस वेनला एक आवाज देतो आणि बॅटमॅनला दुसरा, मार्क हॅमिलचा जोकर हसता हसता अचानक थंड होतो, हे डबिंगमध्ये सगळं पोचतंच असं नाही.

कुठून सुरू करायचं

इथे सिरीज कुठल्या प्रकारची आहे ते बघायला लागतं. ज्यांचा प्रत्येक एपिसोड आपापला पूर्ण असतो, बॅटमॅन, स्वॉट कॅट्स वगैरे, त्या पहिल्यापासून ओळीने बघू नका. तीन एपिसोड निवडा, एक तुम्हाला आठवणारा, एक लोक ज्याचं नाव काढतात असा, आणि एक मधलाच कुठलातरी साधा. तिसरा सगळ्यात महत्त्वाचा, कारण सिरीजची खरी पातळी तिच्या साध्या एपिसोडमध्ये कळते. बॅटमॅनचे ८५ एपिसोड आहेत आणि त्यात हार्ट ऑफ आइससारखं सोनं आहे तसंच दोन पोरं बॅटमॅनला तळघरात लपवतात तो एपिसोडही आहे, जो मला आजही अजिबात आवडत नाही.

याच सिरीजमध्ये एक छान प्रयोग करता येतो. क्लेफेस नावाच्या, चिखलासारखं शरीर असलेल्या व्हिलनची गोष्ट आहे, फीट ऑफ क्ले, दोन भागांत. एकच कथा, तीच पात्रं, पण पहिल्या भागाचं अ‍ॅनिमेशन कोरियातल्या एकॉम स्टुडिओने केलं आणि दुसऱ्याचं जपानच्या टीएमएसने. लागोपाठ बघा. दुसऱ्या भागात क्लेफेस शेवटी एकामागून एक रूपं बदलत जातो, चेहरा वितळतोय, परत घडतोय, तिथे चिखलाला वजन आहे असं वाटतं. पहिल्या भागात हालचाल तितकी जिवंत नाही. हे एकदा डोळ्यांनी बघितलं की जुन्या अमेरिकन कार्टूनमध्ये एक एपिसोड भारी आणि पुढचा ढिला का असतो ते कायमचं समजतं, लिहिणारे अमेरिकेत आणि चित्रं काढणारे स्टुडिओ परदेशात, तेही एपिसोडगणिक वेगळे.

सलग कथा असलेल्या सिरीजला मात्र हा नियम लावू नका. अवतार, द लास्ट एअरबेंडर ही पाणी, जमीन, आग, हवा ही तत्त्वं हाताळणाऱ्या माणसांची सिरीज, २००५ ते २००८ मधली, एकूण ६१ एपिसोडची, ती पहिल्यापासूनच बघायची आणि निदान बाराव्या एपिसोडपर्यंत मत बनवायचं नाही. सुरुवातीचे एपिसोड बरेच पोरकट आहेत हे मी मान्य करतो. बाराव्यात, द स्टॉर्ममध्ये, नायक आंग आणि त्याच्या मागावर असलेला राजपुत्र झुको दोघांचा भूतकाळ आलटून पालटून उलगडतो आणि तिथे पहिल्यांदा लक्षात येतं की आपण ज्याला व्हिलन समजतोय त्याच्या चेहऱ्यावरचा डाग कुणी दिला.

ड्रॅगन बॉल झी हे वेगळंच प्रकरण. २९१ एपिसोड. तोरियामांची मंगा, म्हणजे मूळ जपानी कॉमिक, दर आठवड्याला यायची आणि सिरीज तिच्या मागे लागलेली, पुढे गेलो तर दाखवायला गोष्टच उरणार नाही म्हणून ताणायचं, त्यातूनच नामेक ग्रह पाच मिनिटांत फुटणार म्हणतात आणि ती पाच मिनिटं एपिसोडच्या एपिसोड चालतात. लहानपणी रोज एक बघताना हे ताणणं खुपायचं नाही, उलट उद्या काय होईल याने झोप लागायची नाही. आता एका रविवारी दहा लावले तर डोकं उठेल. म्हणून एकतर रोज एकच बघा, नाहीतर २००९ पासून आलेलं काई हे छाटलेलं रूप बघा. माझं मत विचाराल तर पहिल्यांदा काई, आणि ज्या लढाया फारच आवडल्या त्या मूळ झीमध्ये.

रोज एक हा नियम खरं तर सगळ्यांनाच लावा. ही मॅन १९८३ चा, १३० एपिसोडचा, ६५ चे दोन सीझन, कारण सोमवार ते शुक्रवार रोज एक धरला तर ६५ एपिसोड बरोबर १३ आठवडे पुरतात. इतकं काम स्वस्तात करायचं म्हणून ते बनवणारा फिल्मेशन स्टुडिओ तेच तेच शॉट परत वापरायचा, तेच धावणं, तीच तलवार वर करणं. रोज एक बघताना ते ओळखीचं वाटतं, सलग पाच बघितले की डोळ्यांत खुपतं.

मारामारी आवाज बंद करून बघा

ही माझी आवडती पायरी. एक फाइट निवडा, म्यूट करा, आणि बघा की कोण कुठे उभा आहे ते कळतंय का, मार लागला तर शरीराला लागल्यासारखा दिसतो का, आणि फाइट संपल्यावर कुणाचं काही बदललं का. म्युझिक आणि धाडधाड आवाज फार झाकून नेतात. अवतार इथे खूप वर जातं, कारण त्यांनी प्रत्येक तत्त्वाला खरी मार्शल आर्ट दिली, पाण्याला ताई ची, जमिनीला हंग गार, आगीला नॉर्दर्न शाओलिन, हवेला बाग्वा, आणि आवाज नसतानाही नुसत्या उभं राहण्यावरून माणूस कुठल्या देशाचा ते ओळखता येतं. मग तीच फाइट आवाजासकट बघा. झुको आणि अझुलाच्या शेवटच्या द्वंद्वात आग सगळीकडे आणि मागे म्युझिक मात्र हळू, दुःखी, कारण बहीणभाऊ आहेत ते. मला तिथे दर वेळी भरून येतं.

एक सिरीज मात्र म्यूट करू नका, सामुराय जॅक. तीन आंधळ्या धनुर्धाऱ्यांचा एपिसोड आहे, बर्फात, ते नुसत्या आवाजावर बाण सोडतात आणि जॅक शेवटी डोळ्यांना पट्टी बांधून ऐकायला शिकतो. रात्री, हेडफोन लावून बघा.

मारामारी बघताना त्या वेळी काय दाखवायला परवानगी होती तेही लक्षात घ्यायला लागतं. १९९४ च्या स्पायडरमॅनमध्ये तो ठोसे जवळपास मारतच नाही, गुंडांकडे लेझरच्या बंदुका, आणि मॉर्बियस नावाचा रक्तपिपासू रक्त म्हणायच्या ऐवजी प्लाझ्मा म्हणतो आणि तोंडाने नाही तर तळहातांनी शोषतो. हे बघून हसू येईल पण लिहिणाऱ्यांचे हात बांधलेले होते. त्याच फॉक्स किड्सवर बॅटमॅनलाही बंधनं होतीच, फक्त त्यांनी सावल्या वापरल्या, काळ्या कागदावर बॅकग्राउंड रंगवली, मार भिंतीवरच्या सावलीत दाखवला आणि ते आज जास्त भीतीदायक वाटतं. म्हणून मी दोन वेगळ्या गोष्टी लिहितो, काय करू दिलं नाही, आणि जेवढं करू दिलं त्यात काय केलं. स्पायडरमॅनला पहिल्याबद्दल माफ करतो. तेच तेच शॉट परत वापरलेत त्याबद्दल नाही.

लहानपणी न दिसलेलं शोधा

हार्ट ऑफ आइस लहानपणी बघितला असेल तर बर्फाची बंदूक आठवत असेल. पॉल डिनीने लिहिलाय, याला एमी मिळालं, आणि आधी कॉमिकमध्ये जेमतेम असलेल्या मिस्टर फ्रीझला त्याने आजारी बायको दिली, नोरा. शेवटी तो कोठडीत काचेच्या गोळ्यातल्या नाचणाऱ्या बाहुलीकडे बघत माफी मागतो. लग्न झाल्यावर हा एपिसोड बघितला आणि दहा मिनिटं मी काही बोललो नाही, बायको म्हणाली अहो काय झालं, मग तिलाही दाखवला.

स्वॉट कॅट्सचंही तेच. ते दोघं मुळात पोलिसांसारख्या एन्फोर्सर्स दलातले पायलट, कमांडर फेरलच्या आडमुठेपणामुळे विमान पडून मुख्यालयाचं नुकसान होतं आणि भरपाई यांच्या माथी, म्हणून भंगार यार्डात राबतायत आणि त्याच भंगारातून जेट बांधलंय. लहानपणी जेट दिसलं. आता हप्ते भरणाऱ्या माणसाला ते भंगार दिसतं. महापौर मँक्स गोल्फ खेळतोय आणि शहर खरं चालवतेय उपमहापौर कॅली ब्रिग्ज, हेही आत्ता दिसलं, आणि इतकी हुशार बाई असून तिला कितीदा वाचवायला लागतं हेही दिसलं, आणि ते आज खटकतं. दोन्ही लिहा.

आपल्या माणसांना कसं दाखवलंय तेही बघा. अवतारमध्ये गुरू पथिक येतात, सात चक्रं समजावतात, झऱ्याच्या कुंडांमधून पाणी वाहतं त्या उदाहरणाने, आणि ते समजावणं मला मनापासून आवडलं, एखाद्या आजोबांनी सांगावं तसं. पण त्यांचा ठरावीक भारतीय इंग्लिश उच्चार आणि कांदा केळ्याचं ज्यूस ऐकून परदेशी कार्टूनमधला तोच तो भारतीय म्हातारा आठवतो. चांगलं आणि वाईट एकाच एपिसोडमध्ये, एक धरून दुसरं सोडू नका.

एखादं पोर जवळ बसवा

घरात भाचा भाची पुतण्या कोणी असेल तर एक एपिसोड त्यांच्यासोबत, आणि आमच्या वेळी असं होतं हे वाक्य तोंडातून काढायचं नाही. फक्त ते कुठे उठतात ते बघायचं. माझा भाचा नऊ वर्षांचा, ही मॅनला सहा मिनिटांत पाणी प्यायला गेला तो आलाच नाही. सामुराय जॅकला मला वाटलं कंटाळेल, इतका वेळ कोणी बोलत नाही, तर बाणांच्या एपिसोडला गुडघे पोटाशी घेऊन बसला आणि संपल्यावर म्हणाला, मामा, परत लाव ना, मला बर्फाचा आवाज ऐकायचाय.

शेवटी पहिलं पान उघडायचं आणि त्याच्या शेजारी नवीन लिहायचं. स्टार देऊ नका, दहापैकी किती वगैरे नको, दोन ओळी पुरतात, काय टिकलं आणि काय नाही. स्वॉट कॅट्ससमोर माझं आज असं आहे, गोष्टी ठीकठाक, काही एपिसोड नुसता धुडगूस, पण गिटार वाजली की अजून अंगावर काटा येतो, आणि भंगार यार्डाची कल्पना मला तेव्हा वाटली त्याहून खूप मोठी आहे. दादाला फोटो पाठवला त्या पानाचा. तो म्हणतोय आता १९९२ चं एक्स मेन घेऊ, ७६ एपिसोड, रोज एक, तो पुण्यात आणि मी इथे, आणि बघायच्या आधी दोघांनी वेगवेगळं लिहायचं, एकमेकांना न दाखवता.