बाहेरच्या सिरीयल बघताना दीन (धर्म) कुठे, रिवाज कुठे, हे कसं ओळखायचं

जुन्या नाशकात आमच्याकडे दुपारी जोहरची नमाज झाली की मोबाईलवर सिरीयल लागते, तुर्की, पाकिस्तानी, पोरी तर आता कोरियन पण बघतात. सगळं खरं इस्लामी समजून बघायचं नाही आणि बघणारीला नावं पण ठेवायची नाहीत. आम्ही पाच-सहा जणी मिळून बघतो, त्यातून जमलेली पद्धत सांगते.

एकटीने बघू नका, अम्मी, खाला (मावशी), नणंद कोणीतरी सोबत घ्या. आणि खटकलं की लगेच पॉज करा, एपिसोड संपेपर्यंत थांबलात तर विसरता. मग विचारायचं, हे कुरआनात आहे, घराण्याचा रिवाज आहे, की लेखकाने रचलंय?

मेहेरचंच बघा, म्हणजे निकाहात नवऱ्याने बायकोला द्यायची रक्कम. एका पाकिस्तानी सिरीयलमध्ये पहिल्याच रात्री नवरा म्हणतो मेहेर माफ कर, आणि ती मान हलवते. आमच्या खालाच्या हातात मटाराची शेंग तशीच राहिली, म्हणाली माझ्याकडून पण असंच माफ करून घेतलं होतं, मला वाटलं हाच कायदा. आम्ही कुरआनाचा तर्जुमा (भाषांतर) काढला, सूरह निसाची 4 थी आयत. बायकांना मेहेर द्या, त्यांनी आपल्या खुशीने काही सोडलं तरच घ्या. खुशीने! खालाने तो शब्द तीनदा वाचायला लावला.

तलाकचा सीन आला की इद्दत मोजा, म्हणजे दुसऱ्या निकाहाआधी बाईने थांबायचा काळ, सूरह बकराच्या 228 व्या आयतीत तीन मासिक पाळ्या आहेत, विधवेला 234 मध्ये 4 महिने 10 दिवस. सिरीयलवाले पुढच्याच एपिसोडला दुसरा निकाह लावतात. अडलं तर आलिमा बाजींना, म्हणजे दीन शिकलेल्या ताईंना विचारा, घरात वाद घालत बसू नका.

तुर्की इतिहासाच्या सिरीयलला अजून जपा. एर्तुग्रुल 2020 च्या रमजानमध्ये उर्दूत आली तेव्हा आम्ही रडत बघितली, पण खऱ्या एर्तुग्रुलबद्दल त्याच्या काळातलं लिहिलेलं जवळपास काहीच नाही, उस्मानी सल्तनत सुरू करणारा त्याचा मुलगा उस्मान, त्याच्या नाण्यावर बापाचं नाव आहे तेवढं. त्याच सिरीयलमधले सूफी आलिम इब्न अरबी मात्र खरेच होऊन गेले, 1240 मध्ये दमास्कसला वारले, पण सिरीयलमध्ये ते जे बोलतात ते लेखकाने लिहिलेलं असतं, ते हदीस (पैगंबरांचे बोल) म्हणून ग्रुपवर फॉरवर्ड करू नका प्लीज.

आणि बसण्याआधी आपापला निकाहनामा कपाटातून काढून ठेवा. खालाने पेटीतून काढला तेव्हा त्यावर मेहेर 525 रुपये लिहिलेले होते, इतकी वर्षं तिला आकडासुद्धा माहीत नव्हता.