जुना जड आरसा पॅसेजमध्ये टांगताना

जुन्या बाजारातला सागवानी चौकटीचा आरसा पॅसेजमध्ये झकास दिसतो, पण मूळच्या एकाच कडीवर टांगला की दार आपटताच तिरका होतो.

१. गंजकी तार काढून टाका. मागून दोन्ही उभ्या पट्ट्यांवर, वरून सारख्या अंतरावर एकेक कडी बसवा. स्क्रू चौकटीच्या जाडीपेक्षा आखूड हवा.

२. कागदाची पट्टी कड्यांवर धरून खुणा करा. तीच पट्टी पाणसळ लावून भिंतीवर चिकटवा. भोकं हमखास जुळतात.

३. ६ मिमी बिटने ५० मिमी खोल भोक पाडा. वरचं १२-१५ मिमी निव्वळ प्लास्टर असतं. गिट्टी (भोकात ठोकायची, स्क्रू धरून ठेवणारी प्लास्टिकची नळी) तेवढ्यातच अडकली तर वजनाने उपटून येते. ती विटेत जाईपर्यंत ठोका.

स्विचबोर्डच्या सरळ रेषेत वर भोक नकोच, तिथून वायर गेलेली असते.